अस्तनींतील निखारा

विश्वासानें जवळ केलेल्या माणसानें घात केला म्हणजे आपण त्याला अस्तनींतील निखारा म्हणतों. हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम योजिला त्याच्या डोळ्यांपुढें माणसेंच असलीं पाहिजेत. पेट्या, पिंपें आणि बुधले नसावेत. परंतु गेल्या दोनशें वर्षांच्या व्यापाराचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, हे शब्द अक्षरशः कोणाला लागू पडत असतील तर ते बाहेरून निरुपद्रवी दिसणाऱ्या आणि आंत काय आहे हें न सांगतां दुसऱ्याच्या हवालीं केलेल्या मालाला होत. हुंडेकरी तो माल विश्वासानें स्वीकारतो, हमाल पाठीवर घेतो, खलाशी जहाजाच्या पोटांत रचतो, आणि ज्याच्या नांवें तो आलेला असतो तो गृहस्थ दारांत उभा राहून पोंच लिहून देतो. इतक्या हातांतून निखारा फिरत असतो, व तो निखारा आहे हें जाणणारा मनुष्य मात्र या सर्वांपासून शेंकडों कोस दूर आपल्या पेढीवर स्वस्थ बसलेला असतो.

त्या दूर बसलेल्या मनुष्याचें कर्तव्य काय, हा प्रश्न आज कोणालाहि सोपा वाटेल. त्यानें सांगावें, एवढेंच. परंतु हें दोन शब्दांचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत स्थिर होण्यास बराच काळ जावा लागला, आणि मध्यंतरीं पुष्कळ माणसें प्राणांस मुकलीं. ती हकीकत येथें सांगावयाची आहे. आणि तिचा आरंभ एका पेटीपासून केलेला बरा.

इ. स. १८६६ सालीं न्यूयॉर्क शहरांत वेल्स फार्गो या हुंडेकरी कंपनीकडे कॅलिफोर्नियास पोंचविण्यासाठीं एक लांकडी पेटी आली. तिचें वजन ३२९ पौंड होतें. म्हणजे आपल्याकडील बंगाली मापानें जवळजवळ बरोबर चार मण. आकार, बांधणी, बाहेरचें स्वरूप यांत इतर पेट्यांहून वेगळें असें कांहीं नव्हतें. आंत काय आहे हें देणारानें सांगितलें नाहीं, व घेणारानें विचारलें नाहीं. भाडें ठरलें, पावती झाली, आणि पेटी आगबोटीवर चढली. त्या वेळीं अमेरिका खंडाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत लोहमार्ग झाला नव्हता. माल आगबोटीनें पनामाच्या संयोगभूमीपर्यंत जाई, तेथें रेल्वेनें ती चिंचोळी पट्टी ओलांडी, आणि पुन्हां दुसऱ्या आगबोटीनें सॅन फ्रॅन्सिस्कोस पोंचे. चढविणें, उतरविणें, ढकलणें, रचणें हें सर्व सोपस्कार त्या पेटीच्या वांट्याला आले. कोणीं तिला जपून हाताळण्याचें कारण नव्हतें. तिच्यांत नायट्रोग्लिसरीन होतें.

हें द्रव्य तेव्हां जगाला नवें होतें. इटलींतील तुरिन शहरीं आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें तें १८४७ च्या सुमारास प्रथम सिद्ध केलें. साबणाच्या धंद्यांत निघणारें गोडसर ग्लिसरीन, शोऱ्याचा तेजाब व गंधकाचा तेजाब यांच्या संयोगानें तें तयार होतें. दिसावयास फिकट पिंवळें, दाट तेलासारखें. सोब्रेरोनें त्याचा किंचित् अंश जिभेवर ठेवून पाहिला तेव्हां त्याचें डोकें भयंकर दुखूं लागलें. (पुढें हेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांत हृदयशूलावरचें औषध ठरलें, आणि शेवटच्या दिवसांत खुद्द आल्फ्रेड नोबेल यास वैद्यांनीं तेंच सुचविलें, दैवाच्या विनोदबुद्धीचा हा एक मासला समजावा.) त्याचा स्फोटक गुण पाहून सोब्रेरो भ्यालाच होता. नोबेल भ्याला नाहीं. खाणी खणणें, बोगदे पाडणें, डोंगर फोडणें या कामीं साध्या बंदुकीच्या दारूपेक्षां हें तेल किती तरी पट प्रबळ आहे हें ओळखून त्यानें त्याचा कारखाना काढला. ३ सप्टेंबर १८६४ रोजीं स्टॉकहोममध्यें त्याची प्रयोगशाळा उडाली, व तींत त्याचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी कांहीं माणसें मरण पावलीं. तरीहि पुढच्याच वर्षीं जर्मनींत हँबुर्गजवळ क्रुमेल येथें त्यानें दुसरा कारखाना उभारला, आणि "स्फोटक तेला"चे डबे देशोदेशीं रवाना होऊं लागले.

खरी गोम येथेंच आहे. बंदुकीची दारू सर्वांच्या ओळखीची होती. ती विस्तवाजवळ नेऊं नये हें पोरासोरांनाहि ठाऊक होतें. या तेलाला विस्तवाची गरज नव्हती. नुसता आघात त्याला पुरे होई. शिवाय तें करतांना आंत तेजाबाचा अंश राहून गेला तर तें आपोआप नासूं लागे, तापे, आणि त्यांतून तांबूस वाफा निघूं लागत. कारखानदाराला हें कळत होतें. निदान कळावयास साधन होतें. हमालाला, गोदीवाल्याला, हुंडेकऱ्याच्या कारकुनाला तें कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. त्यांच्या लेखीं तें तेल होतें, आणि तेलाचा डबा गळला तर जमीन ओशट होते, यापलीकडे त्यांचें ज्ञान जात नव्हतें.

५ नोव्हेंबर १८६५ या दिवशीं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच रस्त्यावरील वायोमिंग हॉटेलांत याचा पहिला मोठा प्रत्यय आला. एक जर्मन प्रवासी तेथें एक पेटी ठेवून गेला होता. ती बरेच दिवस सामानांत पडून होती. बूट पुसून घेतांना तिच्यावर पाय टेकीत, असें सांगतात. त्या दिवशीं सकाळीं तिच्यांतून तांबूस धूर निघूं लागला, म्हणून नोकरानें ती उचलून रस्त्यावर नेऊन टाकली, आणि लागलीच स्फोट झाला. फरसबंदी उखडली, आसपासच्या दुकानांच्या कांचा फुटल्या, कित्येक लोक जखमी झाले. त्या पेटीवर महिनोगणती पाय टेकणारांना जर कोणीं विचारलें असतें, तर पेटींत काय आहे हें त्यांतील एकालाहि सांगतां आलें नसतें.

पुढील वर्षाचे दोन महिने या तेलाच्या इतिहासांत अत्यंत अशुभ ठरले. ४ मार्च १८६६ रोजीं ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरांतील एक वखार उडाली. ३ एप्रिल रोजीं पनामाच्या अॅटलांटिक किनाऱ्यावरील अॅस्पिनवॉल बंदरांत (ज्याला आज कोलोन म्हणतात) ‘युरोपियन’ नांवाची आगबोट धक्क्याला लागून माल उतरवीत असतांना फुटली. लिव्हरपूलहून आलेल्या या आगबोटींत स्फोटक तेलाच्या सत्तर पेट्या होत्या. धक्का नाहींसा झाला, रेल्वेची मालाची वखार कोसळली, पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. त्या काळीं बातमी आगबोटीच्याच वेगानें चाले. त्यामुळें ही वार्ता सॅन फ्रॅन्सिस्कोस पोंचण्यापूर्वींच आपली चार मणांची पेटी त्या शहरांत येऊन दाखल झाली होती.

धक्क्यावर ती उतरवितांना असें आढळलें कीं, तिच्यांतून कांहीं तरी पाझरत आहे. गोड्या तेलासारखें तें दिसत होतें. दुसऱ्या एका पेटीलाहि डाग लागले होते. आतां येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. माल खराब होऊन आला म्हणजे नुकसानी कोणाची, आगबोट कंपनीची कीं हुंडेकऱ्याची, याचा निकाल लावण्यासाठीं तो हुंडेकऱ्याच्या कचेरींत नेऊन दोन्ही पक्षांच्या समक्ष उघडावा, अशी तेथील नेहमींची वहिवाट होती. व्यवहार सचोटीचा होता, रीत चोख होती. आणि त्या सचोटीनेंच घात केला. १६ एप्रिल रोजीं पेटी मॉन्टगोमेरी व कॅलिफोर्निया या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कचेरींत आणली गेली. ही इमारत जॉन पॅरट नांवाच्या सावकाराच्या मालकीची. १८५२ सालीं बांधलेल्या या दगडी वाड्याचे चिरे चीन देशांत घडवून गलबतांतून आणविले होते, आणि सबंध शहरांत तो मजबुतीविषयीं नांवाजलेला होता. आगबोट कंपनीचा प्रतिनिधि आला. हुंडेकऱ्याचीं माणसें जमलीं. एका कामगारानें पेटीचें झांकण उघडण्यासाठीं मोगरी व छिनी हातीं घेतली.

जे तेथें हजर होते त्यांपैकीं कोणीहि उरला नाहीं. आसपासचे धरून पंधराच्या सुमारास माणसें मेलीं. पॅरटचा वाडा कोसळला नाहीं, पण पुष्कळ मोडतोड झाली.

यानंतर जो दावा झाला तो अमेरिकेच्या कायद्यांत "नायट्रोग्लिसरीनचा खटला" याच नांवानें प्रसिद्ध आहे. वेल्स फार्गो कंपनीनें भाडेपट्ट्यांतील करारानुसार आपल्या ताब्यांतील भाग दुरुस्त करून दिला. बाकीच्या इमारतीची नुकसानी कोणीं द्यावी, एवढाच वाद होता. खालच्या न्यायालयांत पॅरट हरला, आणि १८७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तोच निकाल कायम केला. न्यायमूर्ति स्टीफन फील्ड यांनीं लिहिलेला हा निर्णय आजहि वाचण्याजोगा आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : हुंडेकऱ्यानें प्रत्येक पेटी उघडून पाहावी अशी अपेक्षा करतां येत नाहीं, तसें केलें तर व्यापारच बंद पडेल. संशयाला जागा असेल तर गोष्ट वेगळी. परंतु या पेटीच्या स्वरूपांत संशय घेण्यासारखें कांहीं नव्हतें. त्या वेळीं हें द्रव्य सामान्य लोकांच्या माहितीचें नव्हतें. आणि पाझरणारी पेटी उघडतांना कोणताहि शहाणा मनुष्य जशी काळजी घेईल तशी या लोकांनीं घेतली होती. ज्याला धोका ठाऊक नाहीं आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं, त्याच्या माथीं निष्काळजीपणा मारतां येत नाहीं.

तर्काच्या दृष्टीनें या निकालांत दोष काढणें कठीण आहे. पण तो वाचून झाल्यावर मनाला एक रुखरुख लागून राहते. या दाव्यांत घरमालक आहे, हुंडेकरी आहे, आगबोट कंपनीचा उल्लेख आहे. ज्यानें ती पेटी न्यूयॉर्कच्या कचेरींत आणून दिली, तो मात्र पक्षकार म्हणून कोठेंच नाहीं. सर्वांत अधिक जाणणारा मनुष्य सर्वांत दूर उभा आहे. कायद्यानें निरपराध्याला सोडून दिलें हें योग्यच झालें. पण अपराध्याची गांठ त्या कोर्टाशीं पडलीच नाहीं.

वस्तुतः पाठविणारानें सांगितलें पाहिजे हें तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयांनीं त्यापूर्वींच मान्य केलेलें होतें, व त्याचा पहिला मोठा दाखला आपल्या परिचयाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच संबंधांतील आहे. कंपनीनें भाड्यानें घेतलेल्या एका जहाजावर ज्वालाग्राही तेल व रोगण चढविलें होतें. त्याला आग लागून जहाज नष्ट झालें. जहाजाच्या मालकानें दावा लावला कीं, मालाच्या धोक्याची सूचना आम्हांस देण्यांत आली नव्हती. १८०२ सालीं मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांच्यापुढें हा वाद चालला. असा माल सूचना न देतां दुसऱ्याच्या जहाजावर चढविणें हा अपराधच होय, हें न्यायालयानें स्पष्टपणें मानलें. पण नेमक्या त्याच तत्त्वानें फिर्यादी बुडाला! अपराध झाला असें म्हणणारानेंच तो शाबीत केला पाहिजे. म्हणून "सूचना दिली नाहीं" हें सिद्ध करण्याचा बोजा जहाजमालकावर पडला. कप्तान व दुय्यम अधिकारी यांनीं साक्ष दिली कीं, आम्हांला कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. परंतु माल प्रत्यक्ष ताब्यांत घेणारा वरिष्ठ अधिकारी मेलेला; आणि माल आणून देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फिर्यादीनें साक्षीस बोलावलें नव्हतें. तेवढ्या उणिवेनें दावा गेला. कंपनी सरकारशीं लढणारांचें असें होणें आपणांस नवें वाटणार नाहीं. पण तत्त्व मात्र त्या दिवसापासून पुस्तकांत शिरलें.

पुढें १८६२ च्या एका खटल्यांत तें अधिक मानवी रूपानें प्रकट झालें. एका व्यापाऱ्यानें शोऱ्याच्या तेजाबाचा मोठा कांचेचा बुधला हुंडेकऱ्याच्या माणसाकडे दिला; आंत काय आहे हें सांगितलें नाहीं. एक नोकर तो पाठीवर घेऊन जात असतां बुधला फुटला, व त्याचें अंग भाजून निघालें. त्या नोकराचा त्या व्यापाऱ्याशीं कोणताहि करार नव्हता. तरीहि न्यायालयानें व्यापाऱ्याला जबाबदार धरलें. म्हणजे सांगण्याचें कर्तव्य केवळ ज्याच्याशीं सौदा झाला त्याच्यापुरतें नाहीं. ज्याच्या ज्याच्या हाताला तो माल लागणार त्या सर्वांपुरतें आहे.

पण पाठविणारालाच जर ठाऊक नसेल तर? यावर १८५६ सालीं क्वीन्स बेंच न्यायालयांत मोठा मतभेद झाला. एका व्यापाऱ्यानें धुण्याच्या चुन्याचीं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचीं, पिंपें जहाजावर चढविलीं. पावडर पिंपें खाऊन बाहेर आली, आणि शेजारचा माल नासला. व्यापारी म्हणाला, "मीं हा माल दुसऱ्याकडून विकत घेतला, बांधणी त्याची, मला यांतलें कांहीं माहीत नव्हतें." न्यायमूर्ति क्रॉम्प्टन यांना हें पटलें, ज्याला ज्ञान नाहीं त्याच्यावर जबाबदारी कशी, असें त्यांनीं विचारलें. परंतु मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्बेल व न्यायमूर्ति वाइटमन यांनीं बहुमतानें ठरविलें कीं, दोघेहि अज्ञानी असतील तर नुकसान त्यानें सोसावें, ज्याला जाणून घेण्याची संधि अधिक होती. आणि ती संधि पाठविणाराला असते, जहाजवाल्याला नसते. आमच्या मतें हाच निकाल व्यवहाराला धरून आहे. अज्ञान ही सबब एकदां मान्य केली म्हणजे शहाणे लोक चौकशी करण्याचेंच सोडून देतात.

तरीहि हा वाद पुरा मिटण्यास पुढें १४२ वर्षें लागलीं, आणि मिटविला तो एका किड्यानें. १९९० सालीं सेनेगलमधील डाकार बंदरांतून एका जहाजावर शेंगदाण्याच्या पेंडीच्या गोळ्या चढविण्यांत आल्या. त्यांत खपरा भुंगेरा होता. धान्याची नासाडी करणारा हा किडा आपल्याकडील शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाचा आहे, आणि जगाच्या पुस्तकांत त्याचें नांवहि आपल्या ‘खपरा’ शब्दावरूनच पडलें आहे. पाठविणाराला त्याचा पत्ता नव्हता. पण अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनीं जहाज अडविलें, आणि शेवटीं ती पेंडच नव्हे, तर दुसऱ्या खणांतला गव्हाचा निर्दोष मालहि समुद्रांत टाकावा लागला. १९९८ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें लॉर्ड कॅम्बेलचेंच मत उचलून धरलें : माल धोक्याचा असेल तर पाठविणारा जबाबदार, मग त्याला ठाऊक असो वा नसो. धोका म्हणजे आगच असली पाहिजे असेंहि नाहीं.

पण आपण १८६६ कडे परत जाऊं. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या स्फोटानंतर कायदेमंडळें खडबडून जागीं झालीं. अमेरिकेच्या काँग्रेसनें ३ जुलै १८६६ रोजीं कायदा करून उतारूंच्या गाड्या व जहाजें यांवर नायट्रोग्लिसरीन नेण्यास बंदी केली. अन्यत्र न्यावयाचें तर धातूच्या भांड्यांत, भोंवतीं प्लास्टर ऑफ पॅरिससारखें तेल मुरूनहि न फुटणारें द्रव्य घालून, आणि वर नांव व "धोका" हा शब्द ठळक अक्षरांत लिहून न्यावें, असें फर्मावलें. त्याच वर्षीं इंग्लंडच्या पार्लमेंटानेंहि असाच कायदा केला. पुढें १८९४ च्या इंग्लंडच्या जहाज कायद्यांत एक मार्मिक भेद आढळतो. धोक्याचा माल खूण व लेखी सूचना न देतां पाठविला तर दंड शंभर पौंड. पाठविणारा नुसता अडत्या असून त्याला खरोखर माहीत नसलें तर दहा पौंड. आणि जाणूनबुजून खोटें नांव लिहिलें तर पांचशें पौंड. मौनापेक्षां खोटें बोलणें पांचपट महाग! ज्यानें हीं कलमें लिहिलीं त्याला व्यापाऱ्यांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

कायद्यापेक्षांहि परिणामकारक उपाय मात्र कारागिरांनीं काढले. १८६७ सालीं सिएरा पर्वतांत रेल्वेचे बोगदे पाडतांना तेलाची ने-आण करण्याऐवजीं ग्लिसरीन व तेजाब निरनिराळे वर नेऊन तेल जागच्याजागीं तयार करण्याची युक्ति योजण्यांत आली; म्हणजे निखारा पाठवावयाचाच नाहीं, सरपण आणि काडी वेगवेगळीं पाठवावयाचीं. आणि त्याच वर्षीं नोबेलनें तें तेल एका जातीच्या सच्छिद्र मातींत मुरवून डायनामाइट सिद्ध केलें. नोबेल पारितोषिकांमागचें द्रव्य कोठून आलें याची चर्चा पुष्कळ होते. परंतु डायनामाइटचा जन्म हा मुळांत मालाच्या वाहतुकीचा प्रश्न सोडवितांना झाला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

हिंदुस्थानाकडे वळतांना एक योगायोग नजरेस येतो. ज्या १८७२ सालीं वॉशिंग्टनमध्यें नायट्रोग्लिसरीनच्या खटल्याचा निकाल लागला, त्याच सालीं आपल्याकडे कराराचा कायदा झाला. त्याच्या १५० व्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, आपली वस्तु दुसऱ्याच्या हवालीं करणारानें त्या वस्तूंतील आपल्याला ठाऊक असलेले दोष सांगितले पाहिजेत. न सांगितल्यास होणाऱ्या नुकसानीला तो जबाबदार. उदाहरण दिलें आहे तें घोड्याचें : ‘अ’नें आपला घोडा द्वाड आहे हें ठाऊक असून न सांगतां ‘ब’ला दिला, घोडा उधळला, ‘ब’ पडला व जखमी झाला, तर ‘अ’ जबाबदार. शोऱ्याचा तेजाब, स्फोटक तेल, रोगण या साऱ्यांना पुरून उरणारा न्याय त्या एका द्वाड घोड्यांत आला आहे, आणि तें कलम आजहि जिवंत आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यानें तर सांगण्याच्या कर्तव्याला दंडाची जोड दिली : धोक्याचा माल सूचना न देतां रेल्वेवर आणणाऱ्यास पांचशें रुपयांपर्यंत दंड, शिवाय होईल ती नुकसानी भरून देणें. १९८९ सालीं नवा रेल्वे कायदा झाला, त्यांतहि हें बंधन राहिलेंच आहे. हें सर्व असूनहि दिवाळीच्या सुमारास भाचरांसाठीं घेतलेलें दारूकाम बिछान्यांत गुंडाळून गाडींत चढणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्या समाजांत थोडे नाहींत. त्यांना कोणीं नायट्रोग्लिसरीनच्या व्यापाऱ्याच्या पंगतीस बसविलें तर ते रागावतील. पण तपासणीस येतांना दिसला म्हणजे बिछान्यावर अंमळ सावरून बसण्याची जी त्यांची लगबग असते, ती "मला ठाऊक नव्हतें" या सबबीची वाट बंद करून टाकते.

सांगणें म्हणजे कागदावर लिहिणें नव्हे, हें मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजीं कळलें. ‘फोर्ट स्टिकीन’ या आगबोटींत सुमारें चौदाशें टन स्फोटकें होतीं. त्यांवर कराचीस कापसाचे हजारों गांसडे, तेल, लांकूड वगैरे माल चढविण्यांत आला. कप्तानाला हें मिश्रण पसंत नव्हतें. पण युद्धाचे दिवस होते, आणि जहाजांत जागा रिकामी ठेवणें परवडत नव्हतें. येथें पाठविणारें सरकार, नेणारें सरकार, घेणारें सरकार. कोणापासून कांहीं चोरून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मालाच्या यादींत सर्व कांहीं लिहिलेलें होतें. तथापि व्हिक्टोरिया गोदींत तें जहाज लागलें तेव्हां स्फोटकांची खूण असलेलें तांबडें निशाण त्यावर चढविलेलें नव्हतें. दुपारीं खालच्या खणांत कापसाला आग लागली. बंबवाले आले, पाणी मारूं लागले. आसपासच्या जहाजांवरील लोक कठड्याला टेकून गंमत पाहत उभे राहिले. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासानें दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांत त्याचे धक्के नोंदले गेले. मृतांचा आंकडा निरनिराळ्या ठिकाणीं सातशें-आठशें ते तेराशें असा सांगितला जातो. त्यांत ६६ बंबवाले होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. जाणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कागदांत जें होतें, तें कठड्याला टेकलेल्या खलाशाच्या डोळ्यांना दिसलें नाहीं. तांबड्या कापडाचा एक तुकडा त्या दोघांमध्यें हवा होता.

तीन वर्षांनीं, १६ एप्रिल १९४७ रोजीं, अमेरिकेंत टेक्सस सिटी बंदरांत ‘ग्राँकाँ’ हें फ्रेंच जहाज उडालें, व पांचशेंहून अधिक लोक मेले. त्यांत अमोनियम नायट्रेटचीं पोतीं होतीं. पोत्यांवर खत म्हणून लिहिलेलें होतें, आणि त्या द्रव्याचें नांवहि छापलेलें होतें. नांव होतें, त्याचा अर्थ नव्हता. आग लागल्यावर माल भिजून नासूं नये म्हणून पाणी न मारतां खणाचीं तोंडें बंद करून आंत वाफ सोडण्यांत आली. पोत्यांत काय आहे हें सर्वांनीं वाचलें होतें, पण तें तापलें म्हणजे काय होतें हें बंदरावर कोणाच्याहि ध्यानांत नव्हतें.

म्हणूनच अलीकडच्या नियमांत नुसत्या नांवावर भिस्त ठेवलेली दिसत नाहीं. आपल्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांत (१९८९) धोक्याच्या मालाविषयीं स्वतंत्र नियम आहेत. त्यांत प्रथम कर्तव्य सांगितलें आहे तें पाठविणाराचें : मालाची पूर्ण व खरी माहिती त्यानें गाडीच्या मालकाला द्यावी. त्या मागून गाडीच्या मालकाचें कर्तव्य, मग चालकाचें. बोरघाटांत एखाद्या टांकीच्या गाडीमागें आपली मोटार अडकली म्हणजे तिच्या पाठीवर जो चौकोनी फलक दिसतो त्यावर मालाचें नांव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, धोक्याचा वर्ग दाखविणारें चित्र, आणि संकटकाळीं कोणाला विचारावें तें लिहिलेलें असतें. बहुतेक प्रवासी तो फलक न वाचतांच पुढें निघून जातात, आणि तो त्यांच्यासाठीं नसतोहि. गाडी उलटल्यावर प्रथम धांवत येणाऱ्या शिपायासाठीं व बंबवाल्यासाठीं तो असतो. याच नियमांत आणखी एक साधी अट आहे. असा माल नेणाऱ्या गाडीच्या चालकाला लिहितांवाचतां आलें पाहिजे. मॉन्टगोमेरी रस्त्यावर मोगरी आणि छिनी घेऊन बसलेल्या त्या कामगारापुढच्या पेटीवर वाचण्याजोगें असें कांहींच नव्हतें.